भाड्याच्या घराची भिंत

बदलीच्या नोकरीतील मनुष्याने घराविषयी फार बोलू नये, असा एक अलिखित संकेत आहे. घर म्हणजे त्याच्या लेखी वेतनपत्रकातील घरभाडे भत्त्याचा रकाना. भिंतीत खिळा ठोकतानाही तो काढताना पडणाऱ्या भोकाचा विचार त्याला करावा लागतो. आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनी करतो. नऊ वर्षांत तीन गावे झाली, रायपूर हे चौथे. पहिल्या तिन्ही ठिकाणी आम्ही हा संकेत इतक्या निष्ठेने पाळला की त्या घरांच्या भिंतींचा रंग आज आम्हाला सांगता येणार नाही. रायपुरात मात्र एका भिंतीपायी आमची दीड वर्षे गेली, आणि ती भिंत आमची नव्हती.

येथे रुजू झालो तेव्हा सहकाऱ्यांनी नव्या रायपुराकडे बोट दाखविले. रुंद रस्ते, नवी वसाहत, वाहतुकीचा गोंगाट नाही, सारे खरे. परंतु तेथून जुन्या बाजारात भाजी आणावयास जाणे म्हणजे प्रवासभत्ता न मिळणारा दौरा काढण्यासारखे होते. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी विचारले, ‘‘येथे मराठी माणसे राहतात तरी कोठे?’’ त्या प्रश्नाच्या मागे मागे आम्ही तात्यापाऱ्यात शिरलो आणि आतल्या एका गल्लीत काकूंच्या घराची पुढची बाजू भाड्याने घेतली. देवडी, मग चौक, चौकाच्या तीन अंगांनी ओसरी, मागे माजघर आणि वर खापरी कौलांची माडी. भाडे बेताचे होते. छपराविषयी काकूंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले, ‘‘पावसात दोन ठिकाणी भांडे ठेवावे लागते. कोठे ते तुम्हाला कळेलच.’’

नागपुराहून तीनशे किलोमीटर पूर्वेस असे घर कसे उभे राहिले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत १७४१ साली छत्तीसगडात उतरले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. १७८७ साली ते निवर्तल्यावर सुभेदारांचा अंमल सुरू झाला. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षक अ‍ॅग्न्यू याने सत्तेचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्यच खालसा झाले. या साऱ्या उलथापालथीत तलवारी आल्या आणि गेल्या. कानावर बोरू ठेवून मोडीत दप्तर लिहिणारी माणसे मात्र मागे राहिली. त्यांच्या बदलीचा हुकूम निघण्यापूर्वी हुकूम काढणारेच नाहीसे झाले. आमच्या धंद्याचे हे पूर्वज आम्हाला येथल्या कोणाही राजापेक्षा जवळचे वाटतात. पुढे याच समाजातून माधवराव सप्रे यांच्यासारखा माणूस निघाला. मराठी घरात जन्मून त्यांनी हिंदीची सेवा केली, १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आणले, आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला.

काकूंच्या सासरचे मूळपुरुष अशाच कोणा दप्तराबरोबर आले असावेत. काकू तसे ठामपणे सांगतात. कागद दाखवीत नाहीत, कारण ते वाळवीने कधीच निकालात काढले. राहते घर त्यांच्या आजेसासऱ्यांनी बांधले, रेल्वे या भागात आली त्या सुमारास, म्हणजे १८८० च्या पुढेमागे. ते पाहिले की प्रथम नागपूरच्या महालातील एखादा वाडा आठवतो. परंतु हात लावून पाहिले की आठवण अडखळते. तुळया सागवानी नाहीत, सालाच्या आहेत. इकडे सालाला ‘सरई’ म्हणतात. छपरावर कुंभाराच्या चाकावरची अर्धगोल खापरे आहेत. आतल्या भिंती चुन्याने रंगविलेल्या नाहीत, छुही नावाच्या पांढऱ्या मातीने सारवलेल्या आहेत. आराखडा नागपूरचा आणि अंग छत्तीसगडचे. काकूंच्या मराठीचीही हीच तऱ्हा. क्रियापदे वऱ्हाड-नागपूरची, ‘‘भात शिजून राहिला आहे’’ अशी. आणि नामे इथल्या मातीतली. ओसरीला त्या परछी म्हणतात, कौलाला खपरा, छपराला छानी. सुरुवातीस आम्ही मनातल्या मनात ही भाषा दुरुस्त करीत असू. पुढे तो उद्योग सुटला.

२०२३ च्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला पोट आले. ही भिंत आमच्या झोपण्याच्या खोलीची. कन्या तिच्याच कडेला झोपत असे, आणि आषाढापासून तिचा खोकला हटत नव्हता. बिछाना हलवला तेव्हा मागे गुडघाभर उंचीपासून छातीपर्यंत ओलीचा पट्टा दिसला, त्याखाली पांढरा क्षार फुललेला. गिलाव्यावर बोट आपटले की आत पोकळ वाजे. काकूंनी सांगितले की वीस-एक वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने ही बाजू ‘कायमची पक्की’ करून दिली होती, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर तैलरंग.

आम्ही स्थापत्यशास्त्र शिकलेलो नाही. परंतु कार्यालयीन सवयीने प्रकरणाच्या मुळाशी जाण्याची खोड आहे. जे वाचले आणि जाणत्यांना विचारले त्याचे सार इतके. जुन्या घराचा पाया जमिनीतील ओल शोषतो आणि ती भिंतीतून वर चढते. चुना व माती यांच्या रंध्रांतून ती बाहेर पडून सुकते, आणि घर दरवर्षी भिजत-वाळत शतक काढते. त्यावर सिमेंटचे चिलखत चढविले की ओलीला वाट उरत नाही. ती आणखी वर चढते, आतले दगड-विटांचे सांधे भुसभुशीत करते, आणि तुळईचे भिंतीत घुसलेले टोक कुजविते. शिवाय सिमेंट ताठ आणि आतली भिंत नरम. भिंत उन्हापावसाने किंचित हलते, चिलखत हलत नाही, ते तडकते. आणि तड्यातून पाणी आत जाते ते मात्र बाहेर येत नाही. सिमेंटला आम्ही दोष देत नाही. जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली त्याचा परवाना घेतला. आपल्याकडे पोरबंदरला १९१४ साली ते बनू लागले. हे घर त्याहून वडील. वडिलांना धाकट्याचा अंगरखा घालावा आणि तो उसवला म्हणून वडिलांना नावे ठेवावीत, तसा हा प्रकार होता.

काकूंचे दोन मुलगे, थोरला पुण्यास आणि धाकटा बंगळुरास. थोरल्याच्या ओळखीचा एक बांधकाम व्यावसायिक येऊन पाहून गेला. त्याने भिंतीकडे पाहिलेच नाही; गल्लीची रुंदी पावलांनी मोजली. त्याचा प्रस्ताव सरळ होता. घर पाडावे, खाली दुकाने व वर तीन मजले, त्यांतला एक काकूंचा. मुख्य रस्त्याच्या रुंदीकरणाची बोलणी आम्ही येथे आल्यापासून ऐकत आहोत, त्यामुळे आतल्या जागांचे भावही चढलेले. थोरल्याचे म्हणणे अडाणीपणाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. त्र्याहत्तर वर्षांची आई एकटी पडक्या घरात राहते, ही चिंता खरी होती.

काकू दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चौकात तांदूळ निवडताना म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्ही इतके सरकारी कागद लिहिता. माझ्यासाठी एक लिहाल का? मला नाही म्हणायचे आहे, पण पोरांना दुखवायचे नाही.’’

आम्ही लिहिले. पंधरा वर्षांच्या नोकरीत इतका काळजीपूर्वक मसुदा आम्ही केला नव्हता. प्रकरणाचा इतिहास, सद्यःस्थिती, पर्याय एक, पर्याय दोन, खर्चाचा अंदाज, आणि शेवटी आदेशार्थ सादर. पर्याय दोनमध्ये असे होते की पश्चिमेची भिंत उतरवून जुन्याच दगड-विटांत, चुन्यात पुन्हा बांधावी, छप्पर चाळावे आणि आई हयात असेतोवर विक्रीचा विषय स्थगित ठेवावा. भाडेकरूने सहा महिन्यांचे भाडे आगाऊ देण्याची तयारी दर्शविली आहे, हे वाक्य सौभाग्यवतींनी वाचले आणि त्या इतकेच म्हणाल्या, ‘‘आपली बदली सहा महिन्यांत झाली तर?’’ या टिप्पणीवर आमच्याकडे उत्तर नव्हते. वाक्य तसेच ठेवले. धाकट्याने दुसऱ्या दिवशी पैसे पाठविले. थोरल्याचे उत्तर तीन आठवड्यांनी आले, एका ओळीचे: ‘करा, पण पावसाळ्याआधी पुरे व्हायला हवे.’

आता खरी अडचण सुरू झाली, ती म्हणजे चुन्याचे काम जाणणारा माणूस कोठून आणावा. मोठ्या वास्तूंना मायबाप असतात. सर जॉन मार्शल यांची संवर्धनाची नियमपुस्तिका १९२३ पासून पुरातत्त्व खात्याच्या हाताशी आहे. १९६४ साली व्हेनिसला जगभरच्या तज्ज्ञांनी सनदच काढली. मुंबई-पुण्याकडे चुन्याचे काम करणारी पथके आहेत. आमच्या शेजारच्या बूढापाऱ्यात डे भवन आहे. १८७७ साली रायपुरास आलेला नरेंद्र दत्त, म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद, तेथे राहिला. बहुभाषाकोविद हरिनाथ डे यांचेही ते घर. ते स्मारक म्हणून जपले जावे असे साऱ्या गावाला वाटत आले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या घरात कोणी थोर पुरुष राहिला नाही, नुसती माणसे राहिली, त्याने कोठे अर्ज करावा?

शेवटी माणूस मिळाला तो खपरे शोधताना. खारून नदीपलीकडच्या एका खेड्यात जुने घर उतरत होते. पक्के घर मंजूर झाले की गावोगाव हे चालते. खपऱ्यांचा भाव करीत होतो, तेव्हा बाभळीखाली बसलेल्या एका वृद्धाने विचारले, घर कोणत्या पाऱ्यात? चुन्याचे की मातीचे? हा प्रश्न विचारणारा मनुष्य आम्हाला चार महिन्यांत प्रथमच भेटत होता. त्यांना सारे ‘कका’ म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो. ते आम्हाला ‘बाबू’ म्हणत. त्यात काका-पुतण्याचे नाते किती आणि कारकुनीची ओळख किती, हे आम्ही विचारले नाही.

ककांनी पहिली अट घातली ती चुन्याची. बाजारातली पुड्यांतली फक्की नको. कटनीचा कळीचा चुना हवा, तोही पौषातच, काम भले फाल्गुनात सुरू होवो. चौकाच्या कोपऱ्यात हौद खणला, त्यात पाणी भरून कळ्या सोडल्या. त्या क्षणी जो फणफणाट झाला त्याने मांजर दोन दिवस घरी आले नाही. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला वायू निघून जातो आणि कळी उरते. कळी पाणी पिऊन विरते. आणि भिंतीत गेल्यावर हवेतला तोच वायू हळूहळू परत घेऊन पुन्हा चुनखडी होते. दगडाची राख करून तिचा पुन्हा दगड करण्याची ही किमया आमच्या डोळ्यांदेखत चौकात चालली होती. विरलेला चुना गाळून, वर बोटभर पाणी ठेवून त्याला मुरू दिले. आम्ही घाई केली की कका म्हणत, ‘‘झन हड़बड़ा बाबू.’’ दोन महिने आम्हाला अति वाटले होते. पुढे वाचनात आले की रोमन प्लिनीने तीन वर्षांहून कमी मुरलेला चुना वापरू नये असा जुना कायदा नोंदवून ठेवला आहे. हे ककांना सांगितले, तेव्हा त्यांनी रोमन लोकांविषयी प्रथमच थोडा आदर दाखविला.

गंमत अशी की रायपूर चुनखडीवरच बसलेले आहे. बलौदाबाजारकडे गेले की सिमेंटचे कारखाने एकामागून एक दिसतात. त्यांचे खाद्य ही चुनखडीच. म्हणजे ज्या जातीच्या दगडाने आमची भिंत बिघडवली त्याच जातीच्या दगडाने ती सुधारावयाची होती.

सुरखीसाठी भाजलेल्या जुन्या विटा कुटून चाळल्या. चुना आणि भाजल्या मातीची ही पूड एकत्र आली की मसाला ओलीतही धरतो; केरळातले १८९५ चे मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीतच बांधलेले आहे. घाणी ओढायला बैल कोठून आणणार? म्हणून एक भाग चुना, एक सुरखी, एक वाळू असे मिश्रण ककांचा नातू आणि दोन मजूर दगडी उखळात कुटू लागले. गिलाव्याच्या चुन्यात गुळाचे पाणी आणि बेलफळाचा गर पडला. ते दिवस चैत्राचे, बेल पिकलेले. सौभाग्यवतींनी सरबतासाठी आणलेली चार फळे ककांनी न विचारता भिंतीला अर्पण केली, आणि त्यावरून घरात थोडे वादळ झाले.

भिंत एकदम पाडली नाही. वरची तुळई टेकूंनी तोलून धरली, आणि दीड-दीड हाताचा तुकडा उतरवीत, बांधीत पुढे सरकले. गिलावा निघाला तेव्हा आतली माती हाताने दाबता येईल इतकी ओली होती, चैत्रातल्या कडक उन्हातही. सरईच्या एका तुळईचे टोक हातभर कुजले होते. ते कापून त्या खेड्यातल्या घराच्या सरईचा तुकडा सांध्याने जोडला आणि जवसाचे तेल पाजले. जुन्या आणि नव्या लाकडाचा रंग वेगळा दिसतो. सुतार म्हणाला, काळे करून देतो, कळणार नाही. काकू म्हणाल्या, ‘‘राहू द्या. कळले तर काय बिघडते?’’ व्हेनिसच्या सनदेत, नवा भाग सुसंगत असावा पण ओळखू यावा, असे एक कलम आहे. काकूंनी ते न वाचता मान्य केले होते.

उन्हाळा हा चुन्याचा वैरी. पारा पंचेचाळीसकडे झुकू लागला की मसाला धरण्याआधीच वाळतो आणि भुगा होतो. भिंतीवर गोणपाट टांगून ते दिवसातून चार वेळा भिजवावे लागे. सकाळची पाळी आमची, दुपारची काकूंची, संध्याकाळी कार्यालयातून आल्यावर पुन्हा आमची. आणि चौथी पाळी कन्येने आपण होऊन घेतली, कारण तिला पाणी उडवण्याचा एवढा अधिकृत परवाना पूर्वी मिळाला नव्हता. सिमेंटच्या हिशेबाने पाहता साहित्याला निम्म्याहून कमी लागले आणि मजुरी जवळजवळ दुप्पट गेली. म्हणजे पैसा कारखान्यात न जाता माणसांच्या हातांत गेला. थोरल्या चिरंजीवांना हिशेब पाठविताना आम्ही हे वाक्य घातले होते. त्यांनी त्यावर काही लिहिले नाही.

ककांचा नातू एरवी नव्या रायपुरात फरशा बसवितो. तेथे रोजगार अधिक आणि उन्हात उभे राहणे कमी. तो आजोबांच्या शब्दाखातर आला होता, आणि पहिले पंधरा दिवस त्याच्या चेहऱ्यावर ते लिहिलेले होते. एके दिवशी त्याने विचारले की सिमेंटने चार दिवसांत होणारे काम चार महिने कशाला? कका थापी खाली न ठेवता म्हणाले, ‘‘ए भिथिया सांस लेथे.’’ ही भिंत श्वास घेते. पोरगा हसला. त्यानंतर चुन्याचा घोट तोच अधिक वेळ देऊ लागला, हे आम्ही पाहिले. परंतु काम संपताच तो फरशांकडे परत गेला, हेही नमूद केले पाहिजे. आणखी एक असे घर मिळाले तर येईन म्हणाला आहे. दुसरे घर अद्याप निघालेले नाही.

खपऱ्यांचे प्रकरण थोडक्यात आटोपतो. देशी खपरे करणारे कुंभार आता थोडे, आणि मंगळुरी कौले या वाश्यांना मानवणारी नव्हती. म्हणून त्या खेड्यातलेच खपरे दोन ट्रॅक्टर भरून आणले. अक्षय्य तृतीयेला, इकडच्या अक्तीला, छप्पर चाळावयास घेतले आणि मृगापूर्वी आठ दिवस शेवटची ओळ बसली. आतून छुही, बाहेरून चुना. मग पाऊस आला, इकडे येतो तसाच, बाराशे-तेराशे मिलिमीटरांचा बेत मनाशी धरून.

त्या पावसाळ्यात आम्ही रोज रात्री कंदिलाच्या, म्हणजे मोबाइलच्या, उजेडात भिंत चाचपीत होतो. श्रावणात ती ओली लागली आणि आमच्या पोटात गोळा आला. ककांना निरोप धाडला. ते आले, तळवा टेकवून उभे राहिले, चहा प्याले आणि म्हणाले, ओली आहे कारण पाऊस आहे. दसऱ्याला पाहा. दसऱ्याला ती कोरडी होती. पांढरा क्षार आला नव्हता. कन्येचा खोकला त्या वर्षी आला नाही. तो भिंतीमुळे गेला की तिचे वय एक वर्षाने वाढले म्हणून, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही.

दिवाळीत थोरले चिरंजीव सहकुटुंब आले. चार दिवस राहिले. त्यांनी भिंतीविषयी चकार शब्द काढला नाही. मात्र निघायच्या आदल्या रात्री माजघरातून चालणे ऐकू आले म्हणून आम्ही डोकावलो, तो गृहस्थ तुळईच्या जोडावरून हात फिरवीत उभे. आम्हाला पाहून म्हणाले, ‘‘लहानपणी येथे झोपाळा होता.’’ मग थोडे थांबून, ‘‘आईच्या मागे काय करायचे ते आम्ही दोघे पाहू. आज त्यावर बोलायचे नाही, असे ठरले आहे.’’ एवढाच निर्णय पदरात पडला. काकूंना तो पुरेसा वाटतो.

आमची बदली येत्या एप्रिलात देय आहे. पुढच्या भाडेकरूसाठी आम्ही एक टिपण करून देवडीच्या कोनाड्यात ठेवले आहे. कौले वैशाखात चाळून घ्यावीत, माकडांनी फोडलेले खपरे बदलण्यासाठी माडीवर दीडशे शिल्लक आहेत. पश्चिमेच्या भिंतीवर तैलरंग देऊ नये, कोणीही कितीही आग्रह केला तरी. ककांचा नातू कोठे भेटेल ते काकूंना ठाऊक आहे. चौकातील हौदात अर्धा चुना मुरत पडला आहे; फळी काढून महिन्यातून एकदा पाहावे, आणि त्यावरचे पाणी सुकू देऊ नये.